नोकरी गेली, त्यात स्लॅब गळतोय. आधी काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, वय पन्नाशीला टेकलंय आणि कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला, सध्या घरीच आहे. हिशोबाचे पैसे मिळालेत पण ते किती पुरवायचे कळत नाही कारण नेमकं आत्ताच घराने डोकं वर काढलंय. बाथरूमखालच्या खोलीत छताला ओल होतीच, आता प्लास्टरचे पोपडे पडतायत आणि एका ठिकाणी सळई उघडी पडलीये, गंजून फुगलेली. ती फुगली की काँक्रीटला आतून तडा देते, म्हणजे नुसता रंग मारून भागणार नाही एवढं मलाही कळतं. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळ्या फरशा उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करा, दुसरा म्हणतो सांध्यात ग्राउट भरा, बास. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक!

तर गळती पाइपची की फरशीची हे तोडफोड न करता कसं ओळखायचं? सगळे नळ बंद करून मीटर बघितला, फिरत नाही, म्हणजे नळाची लाइन ठीक असावी, पण सांडपाण्याच्या पाइपचं त्यात कळत नाही ना? आणि उत्पन्न नसताना यात पैसे घालावेत की सळई साफ करून तात्पुरती डागडुजी करावी? बायको म्हणते थांबू नका, डोक्यावर पडेल एखाद दिवशी. तिचं बरोबरच आहे, पण इंटरव्ह्यूला वय बघूनच 'कळवतो' म्हणतात हो. कोणी या वयात दुसरी लाइन धरली असेल तर तेही सांगा. फक्त 'धीर धरा' नको, ते नातेवाईक रोज सांगतायत.