मदत हवी आहे: सोरायसिसच्या पेशींतला 'पंप' मोजतेय, पण नक्की काय मोजतेय?

नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रबंध तीन आठवड्यांवर आलाय आणि मी एका आलेखापाशी अडकले आहे. फ्लो सायटोमेट्री (लेझरने एकेका पेशीची चमक मोजायची पद्धत) करणारं कुणी इथे असेल तर जरा बघा.

विषय आहे सोरायसिस या त्वचारोगाच्या रुग्णांच्या लिम्फोसाइटमधलं (म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींतलं) पी-ग्लायकोप्रोटीन. पेशीच्या पटलात बसलेला हा पंप एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून आत शिरलेलं औषध बाहेर फेकतो. १९७६ मध्ये तो कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत सापडला, तेव्हापासून त्याचं नाव कॅन्सरलाच चिकटलंय. पण साध्या टी पेशींतही (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) तो असतो, आणि प्रेडनिसोलोन, सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी दोन्ही औषधं त्याची गिऱ्हाइकं.

पद्धत नेहमीचीच. र्‍होडामाइन १२३ हे चमकणारं रंगद्रव्य पेशींना अर्धा तास ३७ अंशांवर पाजायचं, धुवायचं, मग बिनरंगाच्या माध्यमात तासभर ठेवायचं. एक नळी तशीच, एकीत पंप अडवायला व्हेरापामिल, एक बर्फात. हा रंगही पंप बाहेर फेकतो, म्हणून पंप जोरात असेल तर पेशी फिकी पडते. माझ्या १४ रुग्णांच्या पेशी १० निरोगी लोकांपेक्षा चांगल्याच फिक्या दिसतात. सर खूश, म्हणाले "टाक आलेख". मला मात्र रुखरुख लागलीय. तीन रुग्ण सायक्लोस्पोरिनवर आहेत. ते औषध स्वतःच हा पंप अडवतं, तरी त्यांच्याही पेशी फिक्याच. असं कसं?

अजून एक. रक्त देताना एका काकांनी विचारलं, "बाई, आठवड्याची गोळी मला लागू का पडत नाही, ते यात कळेल का?" मी "बघू" म्हणाले. गोळी मेथोट्रेक्सेटची.

प्रतिसाद १

आलेख इतक्यात टाकू नका. सगळे लिम्फोसाइट एकाच गेटमध्ये (आलेखावर मोजायला निवडलेल्या गटात) घेतलेत ना? लिम्फोसाइटच्या प्रकारांपैकी एनके आणि सीडी८ पेशींत हा पंप मुळातच जास्त, सीडी४ मध्ये कमी. रुग्णाच्या नळीत पेशींची सरमिसळ वेगळी असेल, तर पंप आहे तेवढाच राहूनही सरासरी हलते. सीडी४, सीडी८, सीडी५६ (एनके पेशींची खूण) वेगवेगळे मोजा. हे प्रकार ओळखायला एफआयटीसी या हिरव्या रंगाची अँटीबॉडी घेऊ नका, र्‍होडामाइनही हिरवंच. आणि अँटीबॉडी लावताना नळ्या बर्फात हव्यात, नाहीतर तेवढ्या वेळात पेशी रंग फेकतच राहतात. या एका गोष्टीपायी माझा अख्खा पावसाळा गेलाय.

शिवाय र्‍होडामाइन मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतं. तिथला विद्युतदाब उतरला तरी पेशी फिकी दिसते आणि पंपाचा त्यात काही हात नसतो. म्हणून व्हेरापामिल असलेल्या आणि नसलेल्या नळीतला फरकच धरा.

सायक्लोस्पोरिनचं म्हणाल, तर पेशी इतक्यांदा धुतल्यावर त्यातलं उरणार किती? रुग्णाच्या रक्तात पंप अडलेला असेलही, तुमच्या नळीत तो मोकळा आहे.

प्रतिसाद २

काकांना "बघू" म्हणालात तिथे घोळ झालाय. मेथोट्रेक्सेट बाहेर काढतात ते मुख्यतः एमआरपी कुळातले पंप आणि बीसीआरपी. तुम्ही पहारा ठेवलाय दुसऱ्याच दारावर. त्यात पेशीत गेल्यावर त्याला ग्लुटामेटची शेपटी लागते, आणि ती लांबली की या पंपांनाही ते सहज हलत नाही. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या सोरायसिसच्या रुग्णांच्या अभ्यासात एबीसीसी१ (एमआरपी१ चं) आणि एबीसीजी२ (बीसीआरपीचं) या जनुकांतल्या फरकांचा मेथोट्रेक्सेटने गुण येण्याशी संबंध दिसला होता. तुमचं पी-ग्लायकोप्रोटीन एबीसीबी१ या वेगळ्याच जनुकाचं.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आत्ताच जुन्या फाइल उघडून पाहिल्या. सगळे एकाच गेटमध्ये, सीडीचा एकही रंग नाही. सरांना सोमवारी सांगते (शुभेच्छा द्या). काका मंगळवारी ओपीडीला येतात, त्यांना "यातनं नाही कळणार" हे नीट सांगायचंय.

पाच रुग्णांच्या पेशी लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या आहेत. गोठवून वितळवलेल्या पेशींवर हा प्रयोग कुणी केलाय का? वितळवल्यावर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवता की लगेच रंग पाजता?