शेवटची २० सेकंदं आणि साडेसहा गुण

‘संघ जिंकला, तरी पैसे कसे बुडाले?’ असा प्रश्न पैज लावणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. कारण स्प्रेडची, म्हणजे आधी ठरवलेल्या गुणफरकाची पैज कोण जिंकलं यावर नसते, किती गुणांच्या फरकाने यावर असते. उणे ६.५ घेतलं की संघाने किमान ७ गुणांनी जिंकायला हवं.

अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये खरा छळ शेवटच्या मिनिटात होतो. समजा २० सेकंदं उरलीत, आपला संघ ५ने पुढे. मागे पडलेला संघ घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करतो. हाफमधल्या (सामन्याच्या अर्ध्या भागातल्या) सातव्या ते नवव्या फाउलला पहिला फ्री थ्रो (कोणी न अडवता घेतलेली एका गुणाची फेक) आत गेला तरच दुसरा मिळतो, दहाव्यापासून सरळ दोन. दोन्ही गेले, आघाडी ७, आपण खुर्चीतून उठलेलो. तेवढ्यात समोरचा एकजण लांबून तीन गुण मारतो. त्याला कोणी अडवतही नाही; आघाडीवर असताना आपल्या संघाने फाउल करून घड्याळ थांबवायचं कशाला? फरक ४. संघ नाचतोय, आपण डोकं धरून.

उलटा आनंदही तितकाच फसवा. २०१८मध्ये मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत यूएमबीसी या कोणी जिंकेल असं न धरलेल्या संघाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ हरवलं; अशा एका रात्रीवर माणूस पुढचा अख्खा मार्च पैजा खेळतो.

गणित मात्र कोरडं आहे. नेहमीच्या उणे ११० भावात १०० जिंकायला ११० लावावे लागतात, म्हणजे निव्वळ बरोबरीसाठीच ५२.४ टक्के पैजा जिंकायला हव्यात. हरलेले ११० लगेच भरून काढायचे तर पुढची पैज १२१ची. तीही गेली तर २५४ची. आणि ही तिसरी बहुतेक वेळा मध्यरात्रीच्या, कधी नावही न ऐकलेल्या दोन संघांवर लागते.