डॅली मेसेंजरला उगाच डोक्यावर घेतलंय का?

पॅरामॅटाकर:
सीझन संपत आला की इथे ऑफिसात डॅली एम मेडल कोणाला मिळणार यावर पैजा लागतात. एनआरएल म्हणजे ऑस्ट्रेलियातली रग्बी लीगची मुख्य स्पर्धा, तिच्या वर्षातल्या बेस्ट प्लेयरचं मेडल, १९८० पासून देतात. ते ज्याच्या नावाने आहे तो डॅली मेसेंजर रग्बी लीगचा पहिला सुपरस्टार, सिडनीत त्याचा पुतळासुद्धा आहे. मला विचाराल तर माणूस ओव्हररेटेड आहे. म्हणजे खेळायचा भारी, सेंटरला, गोल किक तर कुठूनही मारायचा, त्याबद्दल वाद नाही. पण कामगारांच्या बंडाचा नायक वगैरे जे रंगवतात ना ते पटत नाही. बंड म्हणजे जुन्या हौशी रग्बी युनियनमधून फुटून खेळाडूंना पैसे देणारी रग्बी लीग निघाली ते. ते मुळात कशावरून झालं तर ॲलेक बर्डन नावाचा न्हावी, १९०७ मध्ये रग्बी युनियनच्या दौऱ्यावर त्याला जबर लागलं, धंदा बंद पडला, आणि युनियनने भरपाई म्हणून काही दिलं नाही, का तर खेळ 'हौशी'! आणि त्याच वर्षी न्यूझीलंडच्या मॅचला ५० हजारांच्या वर पब्लिक, म्हणजे गेटचा पैसा धो धो. राग येणारच. पण डॅलीच्या बापाचा सिडनीत डबल बेला होड्या बांधायचा धंदा होता, त्याला कुठे रोजंदारी बुडायची भीती होती? त्याला गिऱ्हाईक खेचायला आणला होता. सरळ सांगा ना तसं.

जुनाट_खेळाडू:
अहो पण गिऱ्हाईक खेचायला आणला म्हणून त्याचं महत्त्व कमी कसं होतं? बर्डनची तक्रार शंभर टक्के खरी होती, पण नुसत्या तक्रारीवर लीग उभी राहत नाही. ८ ऑगस्ट १९०७ ला गिल्टिनन नावाचा व्यापारी, हॉयल नावाचा राजकारणी आणि ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटवाला व्हिक्टर ट्रंपर (हो, तोच ट्रंपर) यांनी सिडनीतल्या एका हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीग काढली. आता खेळायला प्लेयर कोण येणार? युनियनने आजन्म बंदीची तलवार टांगली होती. आणि डॅली तेव्हा नुकताच ऑल ब्लॅक्सविरुद्ध (न्यूझीलंडची युनियनची टीम) ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला, अख्ख्या सिडनीचा लाडका. गोष्ट अशी सांगतात की गिल्टिनन आणि ट्रंपर त्याच्या आईला भेटायला घरी गेले, आईने हो म्हटल्यावर गाडी पुढे सरकली. १७ ऑगस्टला पहिली मॅच, न्यूझीलंडच्या बंडखोर टीमशी, शोग्राउंडवर वीसेक हजार माणसं. ती काय गिल्टिननचा चेहरा बघायला आली होती का? गंमत म्हणजे लीगचे नियम अजून कोणाकडे नीट पोचलेच नव्हते म्हणून मॅच युनियनच्याच नियमांनी खेळले. म्हणजे नवीन होतं ते फक्त दोनच, पैसे आणि डॅली.

उसाचा_रस:
थोडक्यात आयपीएलचा पहिला लिलाव 😄

हुकलेला_ट्राय:
@जुनाट_खेळाडू तुमचं ऐकून वाटतं डॅली आला आणि लीग जिंकली. तसं झालेलं नाही. १९०८ चा पहिला सीझन बघा, फायनलला साउथ सिडनीने डॅलीच्या ईस्टर्न सबर्ब्सला १४-१२ ने हरवलं आणि डॅली तेव्हा कांगारू टीमबरोबर (ऑस्ट्रेलियाची लीगची टीम) इंग्लंडच्या बोटीवर. त्या दौऱ्यात तोटा एवढा की गिल्टिननचं दिवाळं निघालं, आणि परत येतो तर त्याला आणि ट्रंपरला लीगमधून बाजूला केलेलं. लीग वाचली ती १९०९ ला, जॉइंटन स्मिथ नावाच्या हॉटेलवाल्याच्या पैशाने. हाच पुढे सिडनीचा लॉर्ड मेयर झाला. त्याने काय केलं तर लंडन ऑलिंपिकचं गोल्ड घेऊन आलेले वॉलबीज, म्हणजे ऑस्ट्रेलियाची युनियनची टीम, होते ना, त्यातलेच एकदम घाऊक भावात उचलले आणि वॉलबीज विरुद्ध कांगारूज अशा मॅचेस लावल्या. तिथे युनियनचं कंबरडं मोडलं. आणि मग १९११-१२ च्या इंग्लंड दौऱ्यावर डॅली गेलाच नाही, तरी ॲशेस (रग्बी लीगचीही असते) जिंकून आले पोरं. मग?

पॅरामॅटाकर:
हेच म्हणतोय मी!! आणि त्या १९०९ च्या फायनलचा किस्सा कोणी सांगत नाही. फायनल ठेवली कधी, तर त्या वॉलबीज-कांगारूज तमाशाच्या आधी, पडदा उघडण्यापुरती. फायनलचे क्लब बालमेन आणि साउथ, दोघांनी ठरवलं, जायचं नाही. बालमेन खरंच आले नाहीत आणि साउथवाले हळूच आले, समोर कोणी नाही, किक मारली, बॉल उचलला, रेषेपलीकडे टेकवला की झाला ट्राय, चॅम्पियन! बालमेनवाले हे अजून विसरलेले नाहीत. म्हणजे दोन वर्षांत हौशी बाबूंच्या जागी धंदेवाले बाबू आले, एवढाच फरक.

घाटावरची_मावशी:
अरे मग राग लीगच्या मॅनेजमेंटवर काढा ना, त्या पोरावर कशाला? तुम्ही लोक 'पैशासाठी गेला' असं म्हणता तेव्हा मला मजा वाटते. त्या पहिल्या मॅचला न्यूझीलंडची जी टीम आली होती, तिला सिडनीच्या पेपरांनी 'ऑल गोल्ड्स' म्हणून हिणवलं, का तर पैसे घेतात, आणि त्या टीममधल्या प्रत्येकाने दौऱ्यासाठी स्वतःच्या खिशातून ५० पौंड घातले होते. बास्करविल, ज्याने ती टीम जमवली, तो वेलिंग्टनचा पोस्टातला क्लार्क, परत येताना ब्रिस्बेनला न्यूमोनियाने गेला, वय २५. डॅली त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेला, एकटा ऑस्ट्रेलियन, सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे. तिथले फुटबॉल क्लबसुद्धा मागे लागले होते त्याची किक बघून. नुसता पैसाच पाहिजे असता तर तिथेच राहिला असता की. आला परत, ईस्ट्सला (तेच ईस्टर्न सबर्ब्स) १९११, १२, १३ अशी लागोपाठ तीन टायटल्स दिली आणि रिटायर. पुढे हॉटेल चालवलं, क्वीन्सलंडला केळीची बाग केली ती बुडाली, शेवटी सुतारकाम. १९५९ ला गनेडाला वारला. हा तुमचा धंदेवाईक करोडपती.

हुकलेला_ट्राय:
मावशी, करोडपती कोणीच म्हटलं नाही. पण शेवटी सुतारकाम केलं म्हणून १९०७ चं करिअर मोठं ठरत नाही हो, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

जुनाट_खेळाडू:
वेगळ्या कशा? तेव्हाचा प्रोफेशनल म्हणजे आजचा प्रोफेशनल नव्हे, हे कळल्याशिवाय करिअर मोजणार कशाने? इंग्लंडात १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जे क्लब युनियनमधून फुटले ते बुडालेल्या रोजाचे ६ शिलिंग द्या एवढ्याच मागणीवर. त्यांनी प्रोफेशनल खेळ मान्य केला तेव्हाही अट होती की खेळाडूला दुसरी नोकरी पाहिजे. आपल्याकडे कबड्डीवाला रेल्वेत किंवा बँकेत चिकटायचा, ड्युटी सुटली की मॅटवर, तसलाच प्रकार. आणि ज्या रग्बी युनियनने डॅलीला हाकललं तिने १९९५ मध्ये स्वतःच पैसे द्यायला सुरुवात केली! १८९५ नंतर बरोब्बर १०० वर्षांनी.

पॅरामॅटाकर:
ते ठीक, युनियनवाले ढोंगी होते यावर माझी सही. पण तरी मेडलला बर्डनचं नाव पाहिजे होतं असंच म्हणेन.

उसाचा_रस:
'बर्डन मेडल' घेऊन कोण फोटो काढेल भाऊ, स्पॉन्सर पळून जाईल