प्रतिसाद: कॉम्प्युटर मागावर बसला की कारागीर घरी?

दादा, तुम्ही लिहिलंय की मागावर कॉम्प्युटर बसला की कारागीर घरी जाणार, मला ते अर्धंच पटतं. सोलापूरची चादर जॅकार्डवर, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणाऱ्या यंत्रावर विणतात आणि जॅकार्ड मुळातच भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालतो, 1804 पासूनची आयडिया आहे ती, भोक असलं की उभा धागा धरणारा हुक वर उचलला जातो, नसलं की तो धागा खालीच राहतो, म्हणजे हिशोब कॉम्प्युटरचाच, फक्त पुठ्ठ्यावर. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये हुक वर ठेवायचा की खाली ते मॅग्नेट ठरवतं आणि डिझाईन फाईलमधून येतं. पूर्वी नवीन डिझाईन म्हणजे पुठ्ठे पाडा, दोरीनं ओवा, माळ वर चढवा, दिवस जायचे ओ त्यात. आता पेनड्राईव्ह लावला की झालं.

टॉवेलला तर अजून फरक पडतो. साध्या टेरीत, म्हणजे लूपवाल्या टॉवेलच्या कापडात, दोन आडवे धागे थोडे अलीकडे सोडतात, तिसऱ्याला मागाची फणी (धागे ठोकून बसवणारा भाग) तिन्ही एकदम पुढे ठोकते, तेव्हा लूप उभा राहतो. नवीन मागावर हे अंतर स्क्रीनवरून बदलता येतं, म्हणजे लूपची उंची, पर्यायानं टॉवेलचं वजन हातात येतं, आणि एक्सपोर्टचा माल वजनावरूनही रिजेक्ट होतो बघा.

पण तुटलेला धागा जोडायला माणूसच लागतो, सेन्सर नुसता माग थांबवतो. पुठ्ठे पाडणाऱ्यांचं काम मात्र खरंच गेलं. त्यांना डिझाईनचं सॉफ्टवेअर मालकांनीच शिकवायला पाहिजे, रंगसंगतीची नजर त्यांच्याकडं आधीपासून आहे.