लष्करी डॉक्टर आणि गे-लेस्बियन पेशंट: ‘सगळ्यांना सारखी ट्रीटमेंट’ पुरत नाही

निळीशाई: काल इथे कोणीतरी लिहिलं की अमेरिकन लष्करात २०११ पासून गे-लेस्बियन उघडपणे राहू शकतात, विषय संपला, पेशंट कोणाबरोबर झोपतो याच्याशी डॉक्टरला काय करायचंय. वाचून डोकं फिरलं. करायचंय ना! गे पुरुषाची नुसती लघवी तपासली तर घशातला, गुदद्वारातला गनोरिया (सेक्समधून पसरणारा संसर्ग) सुटून जातो, तिथले स्वॅब घ्यावे लागतात, आणि विचारलंच नाही तर घेणार कसे? प्रेपला, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधाला, २०१२ मध्ये मंजुरी मिळाली, तरी पेशंटने नाव काढेपर्यंत कित्येक डॉक्टर गप्पच. लेस्बियन बाईला पॅप स्मिअरची (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) गरज नाही म्हणणारेही आहेत, तो कॅन्सर करणारा एचपीव्ही विषाणू बाईकडून बाईला होतो हो! लष्करी डॉक्टरांना हे शिकवायलाच हवं.

सडेतोड: म्हणजे अजून एक ट्रेनिंग. मी तिकडे लष्करी दवाखान्यात नर्स होते, ऑनलाइन कोर्स इतके की सगळे नुसतं क्लिक करत पुढे जायचे, कोणी वाचायचं नाही. तेवढ्या वेळात पेशंट बघून झाले असते. चांगला डॉक्टर विचारतोच.

दूरदेशी: विचारेल हो, पण समोरचा खरं सांगेल का? ‘विचारू नका, सांगू नका’च्या काळात, म्हणजे गे असल्याचं लपवलं तरच लष्करात राहता येईल असा कायदा होता तेव्हा, डॉक्टरला सांगितलेलंसुद्धा नोकरीवरून काढायला वापरता यायचं, ते मार्च २०१० मध्ये थांबवलं. माझा चुलतभाऊ तेव्हा तिथे होता, टेस्ट बाहेर स्वतःच्या पैशाने करायचा, कायदा गेला तरी रिटायर होईपर्यंत बाहेरच जात राहिला. समोर युनिफॉर्ममधला, रँकने वरचा माणूस बसलाय, कोण तोंड उघडणार?

सडेतोड: उगाच घाबरवू नका. मानसिक उपचारातलं कमांडरला कधी कळवायचं ते ठरलेलं आहे, जिवाला धोका, मोहिमेला धोका, अ‍ॅडमिट करणं वगैरे. कोण गे आहे हे त्यात कुठेच नाही.

दूरदेशी: आणि एचआयव्ही पॉझिटिव्ह आला की? कमांडरला कळतंच. औषधांनी विषाणू दबलेला असेल तर तेवढ्यावरून डिप्लॉयमेंट (मोहिमेवर पाठवणं) अडवायचं नाही हे ठरायला २०२२ उजाडलं. तुमचा नियम कागदावर बरोबर असेल, माझ्या भावाने कागदावर नोकरी नाही केली.

निळीशाई: अरे, रेकॉर्ड कोण बघतो यावरच गाडी अडकली. मी स्वॅबबद्दल बोलत होते.

सडेतोड: बरं, स्वॅबचं मान्य, तेवढंच. पण कोर्स नको. तपासणीच्या फॉर्ममध्ये प्रश्न टाका, सरसकट सगळ्यांना विचारा.

निळीशाई: आणि ‘बायको काय करते’ पासून सुरुवात करणाऱ्या डॉक्टरला तो प्रश्न विचारायला कोण शिकवणार, फॉर्म?