अंध मुलांना वेबसाईट शिकवायची तर कशावर? ब्लॉक एडिटर की साधी फाईल?

जेकार्ड (धागाकर्ता)

सोलापुरात वेबसाईट करून देणारे बरेच जण आता पत्रकावर 'अॅक्सेसिबल' (सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येणारी) छापतात. म्हणजे काय विचारलं की अक्षर मोठं करायचं बटण आणि फोटोला ऑल्ट मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ), इथं गाडी थांबते. अंध माणूस कायम वाचणाराच, साईट चालवणारा तो असू शकतो हे हिशोबातच नाही. वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेची एटॅग २.० ही पान बनवायच्या साधनांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सप्टेंबर २०१५ पासून आहेत. त्यांचा भाग अ म्हणतो की पान बनवायचं साधनच अपंग माणसाला वापरता आलं पाहिजे. भाग ब म्हणतो की त्यातून निघणारं पान सुगम असावं. आपल्याकडे चर्चा होते ती ब ची, तीही अर्धीच.

माझं मत सरळ आहे: अंध मुलांना वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर (परिच्छेद, शीर्षक, फोटो असे वेगवेगळे ठोकळे जोडून पान लिहायचा पडदा) शिकवूच नये. नोटपॅड, मार्कडाउन (साध्या चिन्हांनी शीर्षक-यादी दाखवायची पद्धत) आणि अशा फाईलींपासून साईट बांधणारं ह्यूगो किंवा जेकिल. फाईलमध्ये जे आहे तेच एनव्हीडीए (पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचतं, मध्ये पॅनेल नाही, उडणारा टूलबार नाही. गिटहब पेजेस या होस्टिंगवर १ जीबीपर्यंतची साईट फुकट बसते. ब्लॉक एडिटर डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर आला आणि मे २०१९ मध्ये आलेल्या स्वतंत्र तपासणीच्या अहवालात त्यात सुगमतेच्या ९१ अडचणी नोंदल्या गेल्या. विरोधी मतं येऊ द्या.

कंबर तलाव

साफ असहमत. २०१९ चा अहवाल घेऊन आज भांडणं म्हणजे गेल्या गड्डा यात्रेचं तिकीट दाखवून यंदा पाळण्यात बसायला जाणं. त्यातल्या बऱ्याच अडचणी नंतर दुरुस्त झाल्या. उरल्या त्यांवर किबोर्डची वाट आहे, ती शिकवावी लागते एवढंच.

एनव्हीडीए ब्राउज मोडमध्ये (पान वाचत फिरायच्या मोडमध्ये) असताना लिहायला गेलात तर 'एच' दाबल्यावर अक्षर उमटत नाही, कर्सर पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. नवशिक्या इथंच घाबरतो. इन्सर्ट+स्पेस दाबून फोकस मोड (लिहायचा मोड) घ्यायचा, मग लिहायचं. एंटर केलं की नवा रिकामा ब्लॉक लागतो आणि एनव्हीडीए तसं बोलूनही सांगतं. तिथं / टाकून ब्लॉकचं नाव. ## आणि स्पेस टाकलं की दुसऱ्या पातळीचं शीर्षक. टूलबारवर जायला ऑल्ट+एफ१०. एका भागातून दुसऱ्या भागात शिफ्ट+ऑल्ट+एन. सगळे ब्लॉक यादीसारखे ऐकायला शिफ्ट+ऑल्ट+ओ. ब्लॉक वर सरकवायला कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट+टी, खाली न्यायला त्याच जोडीत वाय. माऊस कुठंच लागत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'प्रकाशित करा'वर. पहिल्यांदा दाबल्यावर फक्त तपासणीचं पॅनेल उघडतं, लेख बाहेर गेलेला नसतो. त्यातलं बटण पुन्हा दाबावं लागतं. प्रेफरन्सेसमध्ये ही आधीची तपासणी बंद करता येते, वर्गातल्या मशिनवर ती बंदच ठेवावी.

जेकार्ड

म्हणजे सात-आठ जोड्या पाठ करायच्या, मोड सांभाळायचा, तेव्हा कुठं एक परिच्छेद. नोटपॅडमध्ये यातलं एकही नाही.

कंबर तलाव

आणि तुमच्या ह्यूगोत? फाईलच्या डोक्यावर वायएएमएलची चौकट (शीर्षक, तारीख वगैरे माहिती ठरावीक पद्धतीनं लिहायची जागा) असते. तिथं शीर्षक 'सोलापूर: चादरींचं गाव' असं अवतरणाशिवाय लिहिलं की त्या विसर्गचिन्हासारख्या कोलनमुळे अख्खी साईट बांधायची थांबते. याद्यांमध्ये स्पेसऐवजी टॅब पडला तरी तेच. डोळसाला इंडेंट दिसतो. अंधाला तो ऐकू यायला एनव्हीडीएच्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंग सेटिंगमध्ये 'लाइन इंडेंटेशन' मुद्दाम चालू करावं लागतं. बांधणी अडली तर कारण गिटहबच्या अॅक्शन्स (साईट आपोआप बांधणारी सोय) मधल्या इंग्रजी लॉगमध्ये. तो लॉग वाचायला शेवटी कोणाला तरी हाक मारायचीच.

शेंगाचटणी

दोघांनीही आधी किबोर्ड तपासा बे. तुमची / आणि # फक्त इंग्रजी लेआउटवर आहेत. मराठी इनस्क्रिप्टवर (विंडोजमधल्या मराठी किबोर्ड लेआउटवर) / च्या बटणाला 'य' आहे. शिफ्ट+३ दाबलं की # येत नाही, '्र' येतं. म्हणजे मुलगा ## टाकायला गेला की ओळीत दोन लोंबते रकार, आणि एनव्हीडीए काहीतरी चमत्कारिक बोलून पुढं जातं. कोलनही नाही, त्या जागी 'छ'.

दर वेळी विंडोज+स्पेसने भाषा बदलायची, चिन्ह टाकायचं, परत यायचं. भाषा बदलल्याचं एनव्हीडीए बोलतं, ते ऐकूनच पुढं जायचं. मार्कडाउनवाल्यांना एक पळवाट आहे: शीर्षकाच्या लगेच खालच्या ओळीत नुसते हायफन टाकले (-----) की ते दुसऱ्या पातळीचं शीर्षक होतं, आणि हायफन इनस्क्रिप्टवर जागच्या जागी आहे. मध्ये कोरी ओळ सोडायची नाही. सोडली तर शीर्षक राहतं बाजूला आणि आडवी रेघ येते. ती चूक डोळ्यांनी पटकन दिसते, कानाला तयार पान उघडून 'एच' दाबल्याशिवाय कळत नाही.

जेकार्ड

हे माझ्या यादीत नव्हतं. टिपलं.

नवी पेठ

तुम्ही लोक शिकवण्याचं बोलताय, धंद्यातलं कोणी ऐकणार का? होटगी रोडचा टॉवेलवाला काय मागतो? ओढून-टाकून पान मांडता येणारा वेबसाईट-बिल्डर. एका दिवसात साईट उभी. अंध माणसाला ओढता येत नाही हे मान्य, पण डब्ल्यूसीएजी २.२ (वेबपानांच्या सुगमतेची तत्त्वं) मध्ये २.५.७ कलम आलंय, ड्रॅगला पर्याय द्यावाच लागणार. हळूहळू होईल. तोवर सुगमतेचं एखादं तयार विजेट (साईटवर चिकटवायची तयार सोय) लावा, एका ओळीचा कोड आहे.

कंबर तलाव

दोन गल्लती. २.५.७ आहे माऊस किंवा बोट धरून ओढता न येणाऱ्यांसाठी. तिथं साध्या क्लिकचा पर्याय दिला तरी कलम पाळलं जातं, अंध माणूस आहे तिथंच राहतो. किबोर्डचं कलम २.१.१, ते २००८ च्या २.० पासून आहे आणि सर्वांत खालच्या ए पातळीचं आहे. बिल्डर ते पाळत नसेल तर 'हळूहळू'ला किती वर्षं झाली, मोजा.

दुसरं, विजेट चिकटतं तयार पानाला. पान बनवायच्या पडद्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. वाचकासाठी तरी दावे खरे असावेत ना? अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने) २०२५ मध्ये अशाच एका विजेट कंपनीला फसव्या दाव्यांपायी १० लाख डॉलर भरायला लावले.

नवी पेठ

बरं, विजेट मागं घेतो. पण रंग, मांडणी, फोटो याला डोळे लागतात, हे तरी माना.

जेकार्ड

अर्धं मानतो. रंगाच्या उठावाला (कॉन्ट्रास्टला) आकडा आहे: साध्या मजकुराला ४.५ ला १. पांढऱ्यावर करडा #७६७६७६ पास (४.५४), #७७७७७७ नापास (४.४८). हे तपासणारं पान आकडा बोलून दाखवतं, डोळे कशाला? फोटोला मात्र एकदा डोळस नजर हवी. यंत्र 'निळी चादर' म्हणेल आणि ती जांभळी असेल. ऑर्डर परत आल्यावर कळून उपयोग नाही.

पार्क चौक

कायद्याचं कोणीच बोललं नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मग साधनं बनवणाऱ्यांवर बंधन आलंच की.

कंबर तलाव

तो निकाल डिजिटल केवायसीच्या (बँक वगैरेसाठी ऑनलाईन ओळख पटवण्याच्या) प्रकरणातला आहे. तत्त्व मोठं आहे, पण त्यावरून परदेशी बिल्डरला उद्या नोटीस धाडता येईल असं समजू नका.

अक्कलकोट रोड

आपल्या गावाचा एक मुद्दा राहिला. इथली साईट नुसती मराठी कुठं असते? पूर्व भागातल्या दुकानाची असेल तर चार ओळी तेलुगू, कुठं कन्नड. पानाची भाषा मराठी लावली आणि आतल्या तेलुगू ओळीला खूण केली नाही, तर कोणत्या आवाजात काय वाचलं जाईल भरवसा नाही. ब्लॉक एडिटरमध्ये मजकूर निवडून टूलबारच्या 'मोअर' मेनूत 'लँग्वेज' आहे, तिथं भाषेचा संकेत द्यायचा. मार्कडाउनमध्ये त्यासाठी एचटीएमएलचा टॅग हातानं लिहावा लागतो. म्हणजे धागाकर्त्याची 'साधी फाईल' इथं साधी राहत नाही. ऐकणाऱ्याच्या एनव्हीडीएतही आपोआप भाषा बदलणं चालू हवं. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजात तिन्ही भाषा आहेत.

वर्डप्रेसचा तोटाही सांगतो. शीर्षक मराठी असलं की पानाचा पत्ता (यूआरएल) मराठीतून आपोआप बनतो आणि देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रा धरून, पत्त्यात ९ जागा खाते. मर्यादा २०० ची. 'सोलापुरी चादर कशी ओळखावी' एवढंच १९२ वर जातं, पुढचा एक शब्द टाकला की तुटतं. असा पत्ता व्हॉट्सअॅपवर चिकटवला तर पुष्कळदा टक्क्यांच्या खुणांची माळ होते आणि ऐकणारा 'पर्सेंट' मोजत बसतो. उजवीकडच्या पॅनेलमध्ये पत्ता रोमन अक्षरांत, दोन-तीन शब्दांचा, आधीच लिहून टाकावा.

जेकार्ड

भाषेच्या खुणेवर हरलो. तरी क्रम माझाच ठेवेन: आधी आठवडाभर नोटपॅड आणि शीर्षकांच्या पातळ्या, मग ब्लॉक एडिटर. / कशासाठी आहे हे कळल्याशिवाय / पाठ करण्यात अर्थ नाही.

कंबर तलाव

आठवडा फार. दोन दिवस.

शेंगाचटणी

दोन दिवस का आठ, आधी मजकूर कुठून येणार ते बघा. छापखान्यातून येणारा बराच मजकूर श्री-लिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असतो. डोळ्यांना मराठी, आत रोमन खुणा. एडिटर कुठलाही घ्या, एनव्हीडीए बडबडच वाचणार. ओळखायचं सोपं आहे: कर्सर एकेका अक्षरावर न्या, 'क' ऐवजी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह बोललं की फाईल युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावरही पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकतात, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. तेवढे शब्द कानानं एकेक करून तपासायचे. हे काम अंध मुलगा डोळसापेक्षा चोख करतो, कारण डोळस नजर 'किर्ती' आणि 'कीर्ती' दोन्हीवरून तशीच पुढं सरकते.