प्रतिसाद: डिशवॉशरचा वास, ड्रेन पाइप पण बघा

डिशवॉशरला वास येतो, काय करावं या प्रश्नावर व्हिनेगर ठेवून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते बरोबरच आहे, फिल्टर घासून घ्यायचा सल्ला पण एकदम योग्य. पण हे सगळं करूनही दोन-तीन दिवसांत वास परत येत असेल तर मागचा ड्रेन पाइप (मशीनमधलं वापरलेलं पाणी बाहेर नेणारा) कसा लावलाय ते आधी बघा. आमच्याकडे खरं कारण तेच निघालं. पाइप सिंकखाली नुसता लोळत पडला असेल तर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमधे येतं आणि तिथेच कुजतं, मग वरून कितीही व्हिनेगर ओता. पाइप ओट्याच्या खालच्या बाजूला जितका वर जाईल तितका नेऊन क्लिपने अडकवायचा आणि मग खाली जोडायचा, बास. फिल्टरखाली थोडं स्वच्छ पाणी राहणं नॉर्मल आहे, त्याने घाबरू नका, पण ते गढूळ, तेलकट दिसलं तर पाइप नक्की तपासा.

आणि प्लीज, व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र अजिबात वापरू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.